मायचा काटा

कळमनुरी,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय सखे,

तुझा लांबलचक निरोप ऐकला, आणि मग मायच्या कानाशी फोन धरून तिलाही ऐकवला. तिला आता कमी ऐकू येतं, पण हे सगळं बरोबर ऐकलं. हनोईत तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आजीनं रेशनच्या काळात न्हाणीघरात डुक्कर पाळलं होतं. रेशनच्या रांगेत स्वतःऐवजी वीट ठेवून ती घरी स्वयंपाकाला यायची. गावाकडून विकायला आणलेली चहापत्ती अंगावरच्या कपड्यांत बांधून हनोईच्या वेशीवरच्या चौकीतून पार व्हायची. माय शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "इचार तिला, चहा मापून कशानं द्यायची? काटा असल तर सापडला असता की."

बघ, ऐंशी पार केलेली बाई आणि पहिला प्रश्न काट्याचा!

तू शेवटी म्हणालीस, कष्टाची चार पैशांची वस्तू विकायला माणसाला लपावं लागतं, असं राज्य तरी कसं असेल. अगं, लग्न होऊन जाईपर्यंत तूसुद्धा त्यातल्या थोड्याफार भागात राहिलीस. आमच्या ओसरीवर बसून गूळ-शेंगदाणे खाल्लेस, ते मायनं ज्या पैशानं आणले होते तो पैसा कायद्याच्या हिशेबानं गुन्ह्याचा होता. तुला ते कळायचं वय नव्हतं आणि आमच्या घरात ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तुलना मी फार ताणणार नाही. आपल्याकडं निवडणुका होत्या, कोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती, मोर्चा काढता येत होता. पण एका पिकापुरतं, कापसापुरतं, महाराष्ट्रात सरकारशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. देशात दुसऱ्या कुठल्या राज्यात असं नव्हतं.

१९७१ साली कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच आणायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. केंद्रावर ग्रेडर प्रत लावणार, हमीभावानं मोजमाप होणार, सरकी-रुई वेगळी करून गाठी बांधणं आणि विकणं सरकारच्या वतीनं पणन महासंघ करणार. पुढं १९८४ पासून त्यासाठी कापूस उत्पादकांचा वेगळा महासंघ झाला. विक्रीतून नफा उरला तर त्यातला मोठा वाटा बोनस म्हणून शेतकऱ्याला आणि उरलेला पडत्या सालासाठी निधीत, अशी सगळी आखणी. कागदावर वाचलीस तर तुला आवडेल. मला आजही आवडते.

आणि ती उगीच आली नव्हती, हे मी तुला आधी सांगायला पाहिजे. आमच्या वडिलांचं, दादांचं, सगळं तरुणपण अडतीवर हमाली करण्यात गेलं. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा कापूस, तो समोर उभा असूनही त्याला भाव कळायचा नाही. वर कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय कापून हातात उरेल ते घ्यायचं. पेरणीला त्याच दुकानातून उचल घेतलेली असायची, म्हणून दुसरीकडं गाडी वळवायची सोय नाही. पाठीवर पोतं घेऊन दादांनी हे रोज बघितलं होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक पैनगंगेच्या पल्याडचे, पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. कापूसवाल्याची ही गत त्यांना ऐकून माहीत नव्हती, डोळ्यांनी बघितलेली होती. योजना आली त्या हंगामात दादा म्हणाले होते म्हणे, की आता पोतं तेवढंच जड असलं तरी हलकं वाटतं.

तुला आठवतं का, दादा लाल बावट्याचे होते? मराठवाड्यात लाल बावटा काही मुंबईच्या गिरण्यांतून आला नाही. तो निजामाच्या काळात, लेव्हीविरुद्धच्या आणि जमीनदारांविरुद्धच्या लढ्यातून, तेलंगणाच्या बाजूनं आला. १९५२ मध्ये हैदराबादच्या विधानसभेत विरोधी पक्षनेता व्ही. डी. देशपांडे हा मराठी कम्युनिस्ट होता, हे दादा आम्हाला फार अभिमानानं सांगायचे. पुण्यात बाबा आढावांनी हमालांना एकत्र केलं, मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या झगड्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला, ही नावं आमच्या घरात देवाच्या नावांसारखी घेतली जात. दादांच्या लेखी व्यापारी हाच माणसाचा शत्रू होता आणि सरकारनं त्याला कापसातून हाकललं याहून मोठं न्यायाचं काम नव्हतं.

आणि त्याच घरात, चुलीमागच्या कोनाड्यात, मायचा काटा होता.

तो कसा आला ते सांगते. १९७२ चा दुष्काळ. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सुकडी मिळायची, अमेरिकेच्या लाल मिलोच्या भाकरी असायच्या, त्या कोरड्या ठाक. मजुरीचे पैसे मात्र रोख. सरकारनं बाईच्या हातात, तिच्या स्वतःच्या हातात, पैसे ठेवण्याची ती तिच्या आयुष्यातली पहिली वेळ. दुष्काळ सरल्यावर त्यातले थोडे तिनं बाजूला ठेवले होते आणि हिंगोलीच्या बाजारातून एक लोंबता काटा आणि लोखंडी वजनं आणली. शिक्का मारलेली वजनं. ती त्यावर अडून बसली होती, शिक्क्याशिवाय नको म्हणून.

आता योजनेत फट कुठं होती बघ. केंद्रावर कापूस घालायचा तर सातबारा लागे, त्यावर कापसाचा पेरा लागे. म्हणजे ज्याचं वावर त्याचाच कापूस. पण कापूस वावरवाल्याच्या एकट्याच्या घरात थोडाच जातो? वेचायला जाणाऱ्या बायांना शेवटच्या वेचणीला मजुरीऐवजी कवडी कापसातली वाटणी मिळायची. वावर मोकळं झाल्यावर सरवा वेचायला मिळायचा. झाडाखाली पडलेला, पाऊस लागून पिवळा पडलेला, तसला. पदराच्या ओट्यात बांधून आणलेला तो किलो-दोन किलो कापूस त्या बाईचा स्वतःचा होता, पण तो विकायला तिला जागा नव्हती. तिच्या नावावर सातबारा नाही. असता तरी दोन किलो कापूस घेऊन ती गाड्यांच्या रांगेत उभी राहणार होती का? एक दिवसाची मजुरी बुडवून? योजना आखणाऱ्यांनी शेतकरी बघितला, व्यापारी बघितला. ही बाई त्यांच्या कागदावर नव्हतीच.

योजनेच्या आधी अशा बाया किराणा दुकानात कापूस देऊन मीठ-मिरची आणायच्या. दुकानदार काय भावानं घ्यायचा ते विचारू नकोस. फेरीवाले पोरांना पेरू आणि मुरमुऱ्यांच्या बदल्यात कापूस मागायचे. कायदा आल्यावर दुकानदार उघडपणे घ्यायला भिऊ लागले, घेतला तर आणखी पाडून. मायनं तिथं पाय रोवला. संध्याकाळी दिवेलागणीनंतर बाया मागच्या दारानं यायच्या. माय काट्यावर कापूस घालायची, काटा त्या बाईच्या डोळ्यासमोर धरायची, आणि हिशेब तोंडी मोठ्यानं सांगायची. कुणाला पैसे, कुणाला मीठ, गोडं तेल, चहापत्ती, कुणाला तंबाखू. मी तिसरी-चौथीत असेन, वहीत मांडून ठेवायचं काम माझं. माझं गणित कुठल्या गुरुजींनी पक्कं केलं असं तुला वाटतं?

तिच्यावर बोल आला नाही असं नाही. वावरवाले म्हणत, हिच्यामुळं बायांना कापूस चोरायची सवय लागली. त्यात सगळंच खोटं नव्हतं. वेचता वेचता मूठभर कापूस लुगड्यात सरकायचा, हे ज्यांनी वेचणी केली त्या सगळ्यांना माहीत आहे. मायनं एक नियम केला होता. पोरांकडून घ्यायचा नाही, आणि पांढरा शुभ्र पहिल्या वेचणीचा कापूस कुणी आणला तर कुणाच्या वावरातला ते विचारायचं. न पटलं तर परत. त्यावरून शेजारणींशी भांडणं झाली. तरी त्या परत तिच्याकडंच यायच्या, कारण दुसरीकडं काटा समोर धरत नव्हते.

दादांना हे कळलं त्या रात्रीचं भांडण मला अजून आठवतं. दादा ओरडले नाहीत, ते जेवले नाहीत. म्हणाले, "मी मोर्चात ज्याच्या नावानं घोषणा देतो, तो माझ्याच घरात बसलाय." माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुमच्या सेंटरवर घ्या की मग बायांचा कापूस. मी उद्याच काटा इकते." दादा केंद्रावर हमालीलाच होते त्या हंगामात. दिवसभर सरकारी कापसाच्या गंजीवर पोती रिकामी करणारा माणूस. त्यांना माहीत होतं की तिथं त्या बायांचा कापूस कुणी घेणार नाही. ते काही बोलले नाहीत. पण पुढची कितीतरी वर्षं त्यांनी त्या काट्याला हात लावला नाही.

साठलेला कापूस जायचा कुठं, हे तू विचारशीलच. दोन वाटा होत्या. एक म्हणजे ओळखीच्या शेतकऱ्याच्या गाडीत घालायचा. त्याच्या सातबारावर तो केंद्रात जायचा, चुकारा त्याच्या नावे निघायचा, तो आपलं काढून घेऊन मायला उरलेलं द्यायचा. यात अडचण एकच, चुकारा. कापूस आज मोजला तरी पैसा कधी येईल याचा नेम नसायचा. शेतकऱ्याला मिळाला की मग मायला. त्यातही भांडवल निर्मिती निधी म्हणून शंभरामागं तीन रुपये कापलेले. मोठ्या शेतकऱ्याला थांबता येतं. मायचं भांडवल म्हणजे दुष्काळातल्या मजुरीची गाठ, ती एकदा अडकली की सगळा धंदा बसला. म्हणून दुसरी वाट. नांदेड-भोकरवरून भैसा, नाहीतर हदगाव-किनवटच्या अंगानं आदिलाबाद. तिकडं तेव्हा आंध्र, कापूस खुला. ओळखीचा ट्रकवाला कडब्याखाली, नाहीतर तुरीच्या पोत्यांखाली मायची गाठोडी टाकून न्यायचा. रोख पैसा यायचा. ज्या साली बाहेर भाव चढा असेल त्या साली आपल्या सगळ्या भागाचा कापूस असाच सीमेकडं निघायचा. आदिलाबादेकडं, बऱ्हाणपूरकडं, जिकडून जमेल तिकडून. मोठे व्यापारी ट्रकच्या ट्रक नेत होते. त्यात मायची गाठोडी म्हणजे काहीच नाहीत.

आणि पकडली गेली ती मायची गाठोडी. कुठल्या पथकानं, कुठल्या नाक्यावर, ते मी लिहीत नाही, त्यातली माणसं आता हयातही नसतील. ट्रकवाला दंड भरून सुटला, त्यानं नाव सांगितलं, आणि दोन दिवसांनी आमच्या घरी माणसं आली. गंजी पोत्यांत भरून नेली. काटा नेला. वजनं नेली. माझी वहीसुद्धा नेली, पुरावा म्हणून. मायनं फक्त एक विचारलं, वजनांवर शिक्का आहे तो बघितला का? त्यांना तिचं बोलणं कळलंच नाही. तिला म्हणायचं होतं की मी कुणाला मापात मारलं नाही, मग गुन्हा कसला? खटला उभा राहिला नाही, कुणी तरी मध्ये पडलं. पण भांडवल गेलं. त्या हंगामात आम्ही दिवाळीनंतर ज्वारी उसनवार आणली.

तुझ्या मुलानं पाठवलेलं व्हिएतनामवरचं सगळं मी वाचून काढलं. त्यातला हनोईचा तो टायर बनवणारा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. न्गुयेन वान चान. हातगाड्यांना, सायकलींना लागणारे टायर सरकारी कारखान्यातल्यापेक्षा टिकाऊ बनवायचा. लोक त्याला टायरचा राजा म्हणायचे. त्याला अटक झाली, घर जप्त झालं. एवढं चांगलं बनवतो आणि एवढं विकतो म्हणजे कुठं तरी लबाडी असलीच पाहिजे, असं धरून चालले. मला वाटतं, मायच्या दारात आलेल्या माणसांच्या मनातही तेच होतं. हमालाच्या बायकोकडं पैसा फिरतो म्हणजे तो चोरीचाच. आणि कायद्याची भाषा बघ, तिथं रुमालाखाली बोटं दाबणारा अडत्या आणि आमची माय एकाच शब्दात बसतात, 'खासगी व्यापारी'. मी एवढ्या वर्षांत जेवढा विचार केला त्यात मला हेच सगळ्यात चूक वाटतं. गरिबाच्या कैवारानं आलेल्या राज्याला गरीब माणूस मजूरच हवा होता. तो पहिली पायरी चढून काटा हातात धरतो तेव्हा तो त्यांना ओळखू येईना.

त्या किम न्गॉकची गोष्टही वाचली. विन्ह फुक प्रांताचा पक्षाचा सचिव. १९६६ मध्ये त्यानं सामुदायिक शेतीतली कामं आणि पीक घराघरांना वाटून द्यायला परवानगी दिली. पीक वाढलं, आणि दोन वर्षांत वरच्यांनी त्याला चूक कबूल करायला लावली. त्याच्यावर सगळ्यात कडक टीका करणारा त्रुओंग चिन्ह. आणि पुढं १९८६ मध्ये पक्षाच्या ज्या अधिवेशनानं घरगुती धंदा आणि खासगी व्यापार मोकळा केला, त्याची वाट घालून देणारा सरचिटणीस हाच त्रुओंग चिन्ह. किम न्गॉक तोवर वारला होता. माणसाला एवढं बदलायला काय बघावं लागलं असेल? भातपिकाचा देश आणि तांदूळ बाहेरून आणत होता. नियम सैल झाल्यावर १९८९ साली त्याच देशानं १४ लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेर विकला. जमीन तीच, माणसं तीच.

त्या अधिवेशनाच्या तारखा वाचून मी थबकले. १५ ते १८ डिसेंबर १९८६. आपल्याकडं त्याच महिन्यात १० तारखेला काय झालं, तुला पत्रानं कळवलं होतं का मी? तू तेव्हा सासरी होतीस. शेतकरी संघटनेचं कापूस आंदोलन चालू होतं. शरद जोशी, तो स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करायला आलेला माणूस, गावोगाव सांगत होता की शेतकऱ्याला मदत नको, त्याच्या मालाचा भाव मारू नका. औंढ्याच्या वाटेवर सुरेगावला लोक रस्त्यावर बसले होते. पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी ठार झाले. सगळ्या भागात सुन्न झालं होतं. आमच्या शाळेत मुलं आली नाहीत, मी नुकतीच नोकरीला लागले होते. इथून हिंगोलीची वाट ती केवढी, आणि त्या दिवशी कुणी कुणाकडं जाऊ शकलं नाही. दरवर्षी १० डिसेंबरला त्या हुतात्म्यांची आठवण होते. त्यांच्या मरणानंतर पाच दिवसांनी तिकडं हनोईत, कम्युनिस्टांच्या राज्यात, बंधनं सोडायचा निर्णय घेणारं अधिवेशन भरलं. आणि आपल्याकडं एकाधिकार पुढं आणखी सोळा वर्षं राहिला. हे मी वाचलं आणि उठून अंगणात फेऱ्या मारल्या. राग आला मला, सखे.

दादांचा आणि माझा त्या काळात फार वाद व्हायचा. ते म्हणायचे, संघटना वावरवाल्यांची आहे, मजुराचं नाव कोण घेतं त्यात? बरोबर विचारायचे. जोशींचं म्हणणं असं होतं की मालाला भाव मिळाला की मजुरी वाढेल. दादा म्हणायचे, आपोआप वाढलेली मजुरी मी जन्मात बघितली नाही. त्यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. पण एक गोष्ट दादांनीच मला सांगितली, कुणाच्या भाषणातून नव्हे तर केंद्रावरच्या हमालीतून. नव्वदीच्या शेवटी बाहेर भाव पडला आणि सरकारी भाव चढा राहिला, तेव्हा सगळं उलटं वाहू लागलं. बाहेरच्या राज्यांतला कापूस आपल्या केंद्रांवर यायला लागला, इथल्या सातबाऱ्यांवर चढायला लागला. दादा पोतं उचलून सांगायचे, ही रुई आपल्या मातीची नाही. हमालाच्या हाताला कळतं ते. त्याचा तोटा सरकारच्या डोक्यावर, आणि इथल्या खऱ्या कापूसवाल्याच्या गाड्या मात्र रांगेत. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दादा घरी आले आणि मायला म्हणाले, "तुझा काटा न्यायला नको होता त्यांनी." एवढंच. वीस वर्षांनी. मायनं ऐकलं, आणि चहा ठेवला.

नंतर मायनं दुसरा काटा घेतला होता का? घेतला होता. पकडलं गेल्यावर दोन हंगाम तिनं नुसती रोजंदारी केली, मग पुन्हा सुरू. या वेळी कापूस कमी, शेंगा आणि तूर जास्त, कारण त्यांच्यावर तशी बंदी नव्हती. माझं डी.एड. त्यावर झालं, धाकट्याचं आयटीआय त्यावर झालं. कापसाचा व्यापार २००२-०३ च्या हंगामात खुला झाला तेव्हा तिचे गुडघे गेलेले होते. धाकट्यानं बाजार समितीचा परवाना काढून एक हंगाम खेडा खरेदी करून बघितली. पण तोवर मैदान मोठ्या जिनिंगवाल्यांचं झालं होतं. ते पन्नास गावांत माणसं बसवून, आगाऊ पैसे देऊन माल उचलायचे, त्यांच्यापुढं याची एक गाडी काय टिकणार? बंदी उठली ती गरिबाला वर यायला मोकळीक म्हणून नाही, सरकारला तोटा झेपेना म्हणून. त्यामुळं खालच्या माणसासाठी हाताशी काही ठेवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्या त्याआधीच सुरू झाल्या होत्या, त्यानंतरही थांबल्या नाहीत. म्हणून जेव्हा कुणी मला म्हणतं की बाजार मोकळा केला की झालं, तेव्हाही माझं डोकं फिरतं. भाव पडतो त्या साली सरकारनं खरेदीला उभं राहायलाच पाहिजे, आजही भारतीय कापूस निगम हमीभावानं घेतं आणि लोक त्याच्या दारात जातात. उभं राहावं, पण एकटंच उभं राहू नये. आणि सातबारा नसलेल्या बाईचाही माल घ्यावा. धाकटा म्हणतो, ताई तू दोन्ही बाजूंनी भांडतेस. भांडते मी. दोन्ही बाजूंनी मार खाल्लेलं घर आहे हे.

आता इथं कापूस फार राहिला नाही. येशील तेव्हा ओळखणार नाहीस, सगळीकडं सोयाबीन, आणि पाणी आहे तिथं हळद. हिंगोली १९९९ साली परभणीतून वेगळा जिल्हा झाला, त्याची ओळख आता हळदीनंच आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या भावजयीनं बायांचा बचत गट केलाय, हळद शिजवून, वाळवून, दळून पुड्या करतात. अन्न परवाना काढला, बँकेत गटाचं खातं आहे, पावतीपुस्तक आहे, इलेक्ट्रॉनिक काटा आहे. गटातल्या निम्म्या बायांच्या नावावर जमीन नाही. हळदीच्या काढणीनंतर वावरात जो सरवा राहतो तो वेचून त्या आणतात. सुरुवातीला भावजय म्हणत होती की सरव्याची हळद बारीक असते, तिला भाव कमी लावू. माय खाटेवरून उठून बसली. गटाच्या वहीत आता सरव्याची हळद वेगळ्या रकान्यात मांडतात आणि भाव काढणीच्या हळदीएवढाच देतात.

तब्येत सांभाळ. नातवाला गोड पापा.

तुझी,
कळमनुरीची मैत्रीण